विमानाच्या भागांची बर काढायला रोबोट बसवायचा असेल तर

ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांत सध्या एकच प्रश्न सारखा ऐकू येतो. विमानाचे भाग घेणाऱ्या कंपनीचा माणूस ऑडिटला येतो, शॉपवर फेरी मारतो, डिबरिंगच्या, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला राहिलेली बारीक धारदार किनार (बर) काढायच्या टेबलापाशी थांबतो आणि विचारतो, ‘हे अजून हातानेच चालतं का?’ तो गेला की मालक प्रॉडक्शनवाल्यांना केबिनमध्ये बोलावतात आणि रोबोटची कोटेशनं मागवायला सांगतात.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत अशाच एका कारखान्यात प्रॉडक्शन बघते. आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट, रिब आणि फ्रेमचे छोटे तुकडे होतात, आणि विमानाच्या जुळणीला माल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे जातात. बर काढायचा रोबोट आमच्याकडे रोज चालतो. आजूबाजूच्या गाळ्यांतले ओळखीचे लोक तो बघायला येतात आणि जाताना चार प्रश्न विचारून जातात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. कोटेशन मागवण्याआधी तुम्ही काय काम करता, यावर तो रोबोट तीन पाळ्यांत चालेल की ताडपत्री पांघरून कोपऱ्यात बसेल हे ठरतं, म्हणून लिहिण्याचा भरही त्याच कामावर आहे.

पहिलं काम ड्रिलिंगचं देऊ नका

विमान आणि रोबोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ड्रिलिंगच येतं, आणि त्याला कारण आहे. बोइंग ७४७ मध्ये सुमारे ६० लाख भाग असतात आणि त्यातले निम्मे नुसते फास्टनर, म्हणजे रिवेट-बोल्टसारखे जोडायचे तुकडे. एवढी भोकं हाताने पाडणाऱ्या माणसाच्या खांद्याचं काय होत असेल, ते हातात ड्रिल धरलेल्यालाच माहीत. एअरबसने २०१९ मध्ये हॅम्बर्गला ए३२० च्या फ्यूजलाजसाठी (विमानाच्या धडासाठी) नवी लाइन सुरू केली. तिथे सुरुवातीच्या टप्प्यात रुळावर चालणारे आठ हलके रोबोट धडाच्या लांबीच्या दिशेतल्या एकेका जोडावर ११०० ते २४०० भोकं पाडून काउंटरसिंक करतात, म्हणजे भोकाचं तोंड तिरकं रुंद करतात. पुढच्या टप्प्यात सात अक्षांचे १२ रोबोट मधला आणि मागचा भाग शेपटीशी जोडतात आणि एका गोल जोडावर ३००० रिवेट बसवतात. हे व्हिडिओ बघून आपल्यालाही वाटतं की आपणही ड्रिलिंगच घ्यावं.

पण त्याच काळातली दुसरी गोष्टही बघा. बोइंगने ७७७ चं फ्यूजलाज उभं धरून रोबोटांकडून रिवेट करायची पद्धत २०१४ मध्ये जाहीर केली होती. एक रोबोट बाहेरून, एक आतून, दोघांनी मिळून सुमारे ६०,००० फास्टनर बसवायचे होते. २०१९ च्या अखेरीस त्यांनी ती सोडून दिली. आतल्या आणि बाहेरच्या रोबोटांचा मेळ काही मनासारखा बसेना. आता तिथे रुळावर सरकणारं यंत्र भोकं पाडतं आणि कुशल कामगार हाताने फास्टनर बसवतात. बोइंगकडे पैसा आणि इंजिनिअर दोन्ही मुबलक आहेत. आपल्याकडे दोन गाळे आणि एक मेंटेनन्सवाला.

म्हणून सुरुवात बर काढण्यापासून करा. ड्रिल केलेलं भोक पाव मिलिमीटरने सरकलं तर भाग भंगारात जातो. बर काढणारं टूल हवेच्या दाबावर थोडं मागेपुढे हलू शकतं, त्यामुळे रोबोटची थोडी चूक ते स्वतःच पोटात घेतं. शिवाय हे काम माणसाला नको असतं. मनगट दुखतं, डोळे थकतात, आणि दुपारी चारनंतर केलेला भाग सकाळच्या भागासारखा होत नाही.

कडेला मी एवढं महत्त्व का देते, तेही सांगते. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर उडता उडता फाटून गेलं आणि विमानातल्या एका कर्मचारी बाईंचा जीव गेला. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. चिकटवलेला जोड गंजून सुटला होता, सगळा भार रिवेटांवर आला होता, आणि काउंटरसिंक केलेल्या भोकांची कड तळाशी सुरीसारखी पातळ होती. तडे तिथून सुरू झाले. तिथे दोष बरीचा नव्हता. पण प्रत्येक उड्डाणात ताणल्या जाणाऱ्या धातूत तडा कुठून निघतो, हे त्या घटनेने जगाला दाखवलं. ड्रॉइंगवर ‘ब्रेक शार्प एजेस’ (धारदार कडा मोडा) लिहिलेलं असतं ते एवढ्यासाठी. नवीन मुलाला टेबलावर बसवण्याआधी मी त्याला हे सांगतेच.

आधी वही घेऊन फिटरशेजारी बसा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात. रोबोट विकणारा येतो, तुमच्या भागाचं कॅड मॉडेल घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी सिम्युलेशन पाठवतो. त्यात टूल कडेवरून सुरेख फिरताना दिसतं. त्या मॉडेलमध्ये बर नसते.

बर कुठे आहे हे तुमच्या फिटरला माहीत असतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ फिटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचं काम मी स्टूल टाकून शेजारी बसून पाहिलं. काका रिब उचलतात आणि आधी डोळ्यांनी बघतच नाहीत. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवतात. कटर जिथून धातूतून बाहेर पडला त्या बाजूला नख अडकतं. आत शिरला त्या बाजूला अडकत नाही. मग हातातलं स्क्रॅपर ते लांब सरळ कडेवर आपल्याकडे ओढतात, एका दमात, मध्ये न थांबता. पॉकेटच्या (भागात कोरलेल्या खोलगट जागेच्या) कोपऱ्यापाशी आले की मनगट वळवण्याआधी टूल कडेवरून उचलतात, हवेत वळवतात आणि पुन्हा टेकवतात. शेवटी कापसाचा बोळा कडेवरून फिरवतात. एकही धागा अडकला तर त्या जागी परत हात.

मी विचारलं, ‘काका, कोपऱ्यात टूल उचलता का?’ ते म्हणाले, ‘मॅडम, तिथे थांबलं की खड्डा पडतो. मग वर पाठवा कन्सेशनला.’

कन्सेशन म्हणजे चुकलेला भाग चालवून घ्यायची परवानगी. काकांचं हे एक वाक्य पुढे पेंडंटवर, म्हणजे रोबोटला शिकवायच्या हातातल्या कंट्रोलवर, अक्षरशः वापरावं लागतं. रोबोटही कोपऱ्यात टूलची दिशा बदलताना मंदावतो. टूल फिरतच असतं, त्यामुळे त्या जागी ते जास्त खातं. उपाय काकांचाच: कडेच्या बाहेर निघा, हवेत वळा, पुन्हा शिरा.

तर वही अशी करा. भागाचा फोटो छापून घ्या आणि प्रत्येक कडेला नंबर द्या. प्रत्येक नंबरापुढे लिहा: बर कुठल्या तोंडाला येते, जाड की केसासारखी, फिटर कोणतं टूल घेतो, कुठल्या दिशेने फिरवतो, ड्रॉइंगवर किती मागितलं आहे (आमच्या बहुतेक भागांवर ०.२ ते ०.५ मिमी असतं), आणि या कडेला आजवर काय बिघडलं आहे. एकमेकांना छेदणाऱ्या भोकांच्या आतल्या कडा वेगळ्या रंगाने लिहा. तिथे रोबोटचं टूल पोचत नाही आणि ते काम बहुतेक हातालाच राहतं. ते आधीच मान्य केलं की नंतर वाद होत नाहीत.

मग त्याच भागाचे दोन नग शेजारी ठेवा: एक नवीन कटरवर झालेला, एक कटर बदलायच्या आधीचा. बरीत किती फरक आहे तो बघा. फार फरक असेल तर रोबोटची फाइल बंद करा आणि सीएनसीकडे जा. कटरचं आयुष्य ठरवून घ्या, फीड (कटर पुढे सरकायचा वेग) तपासा, कटर बाहेर पडायची दिशा बदलून बघा, आणि जमेल तिथे सीएनसीवरच चॅम्फरचा, म्हणजे कड तिरकी कापायचा, एक पास वाढवा. माणूस जाड बर दिसली की जोर वाढवतो, पातळ दिसली की कमी करतो. रोबोट पहिल्या नगाला जे करतो तेच शंभराव्यालाही करतो, म्हणून त्याच्यासमोर नग सारखेच यायला हवेत.

चॅम्फरच्या पासनेच बहुतांश काम उरकत असेल तर रोबोट घेऊ नका. मी हे मालकांसमोरही म्हणते. उरलेल्या दोन-चार कडांसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा चांगला दिवा, चांगलं भिंग आणि फिटरला बसायला नीट खुर्ची द्या.

जॉबची बैठक

फिक्स्चर करताना (भाग धरून ठेवायची चौकट) सीएनसीवर आणि सीएमएमवर (मोजणीच्या मशीनवर) जे डेटम, म्हणजे मोजायला आधार धरलेल्या बाजू, वापरता तेच इथे वापरा. तीन टेकू खाली, दोन बाजूला, एक टोकाला, हे आपण आयटीआयपासून शिकत आलो आहोत. मात्र इथे दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. टेकूवर डेलरिनचे (कडक प्लास्टिकचे) पॅड लावा, कारण स्टीलच्या टेकूचा ओरखडाही विमानाच्या भागावर रिजेक्शनला पुरेसा असतो. आणि टेकूखाली चिप अडकली की भाग वर उचलला जातो, कडेला एकीकडे जास्त मार बसतो, एकीकडे बर तशीच राहते. म्हणून टेकूचा माथा लहान ठेवा, आजूबाजूला चिप पडायला जागा ठेवा, आणि शक्य असेल तर टेकूतूनच हवेचं बारीक भोक काढून दाबाचा सेन्सर लावा. भाग नीट बसला नसेल तर हवा निसटते, दाब चढत नाही आणि सायकल सुरूच होत नाही.

पातळ भिंतींच्या रिबला खालून आधार द्यायला विसरू नका. ७०७५ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची दीड-दोन मिलिमीटरची भिंत टूल लागलं की थरथरते आणि कडेवर लाटा उमटतात. बोट फिरवलं तर जाणवतात.

रोबोट निवडताना

कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: रिपीटेबिलिटी ०.०५ मिमी किंवा त्याहून कमी. हे खरं असतं, पण याचा अर्थ रोबोट शिकवलेल्या जागी पुन्हा पुन्हा तेवढ्या फरकाने येतो, एवढाच. कॉम्प्युटरवर काढलेल्या बिंदूवर तो नेमका जाईल ही वेगळी गोष्ट, आणि तिथे अर्धा-एक मिलिमीटरची चूक सहज निघते. ट्रान्सहार्बर लोकलचा मोटरमन रोज गाडी त्याच पाटीपाशी उभी करतो. पण ती पाटी फलाटाच्या टोकापासून किती मीटरवर आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. हाताने शिकवलेल्या प्रोग्रॅमला पहिला आकडा पुरतो. ऑफलाइन प्रोग्रॅम आणून थेट चालवायचा असेल तर दुसरा आकडा विचारा आणि लेखी घ्या.

वजन मोजताना टूलचं वजन, अडॅप्टर, हवेचा पाइप, केबल सगळं धरा, आणि टूल मनगटापासून किती लांब आहे तेही. दहा किलोचा रोबोट दहा किलो उचलतो ते मनगटाजवळ. शिवाय रोबोटचा हात मिलिंग मशीनच्या मानाने फारच लवचीक असतो. जोराने रेटलं की तो मागे सरकतो आणि कंप सुटतो. म्हणून हलका कट, जास्त आरपीएम आणि हवेवर तरंगणारं टूल. कडेने फिरणाऱ्या कामाला आडवं हलणारं टूल लागतं, तोंडावर दाबून फिरणाऱ्या ब्रशला उभं हलणारं. विक्रेत्याला तुमची वही दाखवा आणि प्रत्येक नंबरापुढे कुठलं टूल चालेल ते त्याच्याकडून लिहून घ्या.

कोबॉटबद्दल, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेल्या रोबोटबद्दल, स्पष्ट सांगते. ‘याला कुंपण लागत नाही’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारा: त्याच्या हातात काय आहे? तीस-चाळीस हजार आरपीएमने फिरणारं बर टूल हातात असेल तर हात कितीही सौम्य असला तरी ते बोट कापणारच. रोबोटच्या सुरक्षेचं स्टँडर्ड आयएसओ १०२१८, त्याप्रमाणे धोका तपासायचा तो पूर्ण सेलचा: रोबोट, टूल, फिक्स्चर, उडणारी चिप आणि तुटून उडणारं टूलसुद्धा. आमच्या सेलला चारही बाजूंनी बंद पिंजरा आहे आणि दार उघडलं की सगळं थांबतं. यात काटकसर करू नका.

खर्चाचं गणित मांडताना नुसत्या रोबोटची किंमत धरू नका. फिक्स्चर, पिंजरा, टूल, धूळ ओढायची व्यवस्था, प्रोग्रॅमिंग आणि ट्रेनिंग मिळून बहुतेक वेळा रोबोटएवढा किंवा त्याहून जास्त पैसा जातो. कोटेशनमध्ये या ओळी वेगवेगळ्या मागा.

आपल्या गाळ्यातल्या अडचणी

आपल्याकडे खाडी जवळ, पाऊस जोरदार आणि शेजाऱ्याचा पॉवर प्रेस भिंतीपलीकडे. या तिन्हींचा विचार जागा ठरवतानाच करा.

जूनपासून कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी वाढतं. हवेवर तरंगणाऱ्या टूलला ओली हवा गेली की ते आत चिकटतं, दाब आहे असं गेज दाखवतं पण टूल हलत नाही, आणि कडेवर खड्डे पडायला लागतात. ड्रायर लावा, सेलच्या अगदी जवळ वेगळा फिल्टर आणि रेग्युलेटर लावा, आणि पावसाळ्यात ड्रेन पाळीच्या सुरुवातीला हाताने उघडून बघा. जेवणाच्या सुट्टीआधी सगळे एअर गनने मशीन साफ करतात तेव्हा लाइनचा दाब पडतो. म्हणून सेलला छोटी स्वतंत्र टाकी आणि प्रेशर स्विच द्या. दाब पडला की रोबोटने कडेवरून बाजूला होऊन थांबायचं.

रोबोट आणि फिक्स्चर एकाच स्टीलच्या बेसवर बसवा. मग शेजारच्या प्रेसने जमीन हादरली तरी दोघं एकत्र हलतात. दोघांना जमिनीवर वेगवेगळे बोल्ट मारले तर त्यांच्यातलं अंतर जमिनीच्या भरवशावर राहतं.

आणि वीज. बऱ्याच रोबोटांत प्रत्येक अक्षाची जागा लक्षात ठेवायला बॅटरी असते. गणपतीत किंवा दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद, मेन स्विच खाली, आणि बॅटरी शेवटच्या घटकेला आलेली असेल तर रोबोट आपली जागाच विसरतो. परत मास्टरिंग करावं लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षाची मूळ जागा त्याला पुन्हा शिकवावी लागते. विक्रेत्याकडून आधीच समजून घ्या की बॅटरी कधी बदलायची आणि बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा की बंद. बंदच्या आदल्या दिवशीच्या कामांत ही ओळ असू द्या. सोबत फिक्स्चरच्या बेसवर एक टोकदार पिन कायमची बसवा आणि रोबोटचं टोक त्या पिनेवर नेणारा छोटा प्रोग्रॅम ठेवा. सुट्टीनंतर पहिलं काम तेच. दोन टोकं समोरासमोर आली नाहीत तर पुढे जायचं नाही.

शिकवताना

टूलचं टोक रोबोटला आधी नीट कळलं पाहिजे. एका स्थिर टोकदार पिनेला चार वेगवेगळ्या कोनांतून टूलचं टोक टेकवायचं, ही नेहमीची पद्धत. कोन एकमेकांपासून जितके वेगळे तितकं उत्तर चांगलं. घाईत चारही कोन जवळजवळ सारखे घेतले जातात आणि मग पुढचं सगळं वाकडं जातं. झालं की टूल त्याच टोकाभोवती फिरवून बघा. टोक जागेवर राहिलं तर बरोबर. भिंग लावून बघा.

शिकवताना रोबोट कमी वेगाच्या मॅन्युअल मोडमध्येच हवा, तिथे वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही. पेंडंटच्या मागचं बटण तीन टप्प्यांचं असतं: सोडलं तरी थांबतो, घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो, मधल्या दाबावरच चालतो. नवीन माणसाला हे बटण मुद्दाम आवळायला लावून दाखवा. एकदा हाताने अनुभवलं की लक्षात राहतं.

पहिले फेरे टूल बंद ठेवून, जॉबपासून लांब. मग भंगारातल्या रिबच्या कडेला जाड मार्करने निळी शाई लावा आणि टूल सुरू करून एक फेरा मारा. शाई सगळीकडे सारख्या रुंदीने गेली की मार्ग बरोबर. कुठे शाई तशीच राहिली आणि कुठे धातू जास्त खाल्ला, ते डोळ्यांना लगेच दिसतं. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा माझा या शाईवर भरवसा जास्त. कडेत सरळ घुसू नका, बाजूने सरकत शिरा. हवेचा दाब कमीपासून सुरू करा आणि थोडा थोडा वाढवा. दाब वाढवूनही बर जात नसेल तर टूल बोथट झालं आहे. बोथट टूल बर कापत नाही, दुमडून पलीकडच्या तोंडाला ढकलतं, आणि ती दुसरी बर पहिलीपेक्षा काढायला अवघड असते.

शेवटची तपासणी कापसाच्या बोळ्याने आणि भिंगाखाली. चॅम्फरची रुंदी मोजायची तर मायक्रोस्कोपखाली मोजा. व्हर्नियरने मोजलेला ०.३ कुणी मान्य करणार नाही.

धूळ

इथे मी कुणाचंच ‘बघू नंतर’ ऐकून घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत पसरली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. हाताने बर काढताना धूळ थोडी असते, रोबोट दिवसभर चालला की ती साठते. ज्या डक्टमधून स्टील ग्राइंडिंगच्या ठिणग्या जातात त्याला अ‍ॅल्युमिनियमचा सेल कधीही जोडू नका. पाण्याचा वेट कलेक्टर घेतला तर त्यातला गाळ रोज काढा आणि तो झाकून ठेवू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि पाण्यापासून हायड्रोजन तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. एअर गनने सेल साफ करायची सवय मोडा, त्याने साठलेली धूळ पुन्हा हवेत जाते. आग लागली तर पाणी मारायचं नाही. धातूच्या आगीची पावडर, म्हणजे डी क्लासचा सिलिंडर, सेलजवळ हवा आणि तो कुठे आहे ते पहारेकऱ्यालाही माहीत हवं. टायटॅनियमचे भाग असतील तर हे सगळं दुप्पट काळजीने.

आणि अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलच्या तारांचा ब्रश नको. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तिथून गंज सुरू होतो. नायलॉनचा घासणीवाला ब्रश घ्या. त्याचेही केस तुटतात, म्हणून काम झाल्यावर पॉकेटमध्ये अडकलेला केस शोधणं ही वेगळी पायरी रूट कार्डवर (भागासोबत फिरणाऱ्या कामाच्या कार्डवर) लिहा. आपल्या हातून सुटलेला एक केस विमानाच्या आत कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही.

ग्राहकाला आधी कळवा

हातावरचं काम रोबोटवर नेलं म्हणजे प्रक्रिया बदलली. विमान उद्योगाच्या एएस ९१०२ या स्टँडर्डप्रमाणे असा बदल भागाच्या आकारावर, बसण्यावर किंवा कामावर परिणाम करू शकत असेल तर फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन (पहिल्या नगाची पूर्ण तपासणी) पुन्हा, निदान बदललेल्या गोष्टींपुरतं, करावं लागतं. रोबोट आला की मग कळवू असं करू नका. ऑर्डर देण्याआधीच ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला मेल टाका, त्याला काय पुरावा लागेल ते विचारा आणि त्याचं उत्तर फाइलला लावा. प्रोग्रॅमला नंबर आणि रिव्हिजन द्या, रूट कार्डवर तो छापा, आणि पासवर्ड मोजक्या लोकांकडेच ठेवा. रात्रपाळीत कुणी ‘जरासं’ बदललेला एक बिंदू सकाळी शोधणं फार कठीण जातं.

पेंडंट कुणाच्या हातात द्यायचं

माझं मत ठाम आहे: बर काढणाऱ्या फिटरच्या. बहुतेक ठिकाणी नुकताच डिप्लोमा झालेला मुलगा पेंडंटवर बसतो आणि फिटरला दुसऱ्या कामाला पाठवतात. मुलाला मेन्यू पटकन येतात, पण कड चांगली झाली की वाईट हे त्याला कळत नाही. काकांना मेन्यू शिकायला वेळ लागला. त्यांच्यासाठी आम्ही प्रत्येक बटणाचं काम मराठीत लिहून पिंजऱ्याच्या दाराला चिकटवलं. आज प्रोग्रॅम कुठे बदलायचा हे तेच सांगतात, आणि डिप्लोमावाला मुलगा तो बदलतो. दोघंही एकमेकांकडून शिकतात.

मालकांनी रोबोट यायच्या आधी शॉपवर सगळ्यांसमोर सांगावं की कुणाची नोकरी जाणार नाही, आणि ते पाळावं. हे सांगितलं नाही तर कोणताही फिटर आपली खुबी तुमच्या वहीत लिहू देणार नाही, आणि त्याने का द्यावी? ज्याच्या माहितीवर सेल उभा राहतो त्याच्या पगारात ते दिसलं पाहिजे.

नवीन माणूस घ्यायचा असेल तर आयटीआयचे दोन ट्रेड बघा: ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ आणि ‘इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन’. पहिल्या ट्रेडचा मुलगा मिळाला तर मी त्याला आधी घेईन. रोबोट शिकवता येतो. रिवेटला आणि कडेला मान द्यायची सवय लागायला वर्षं जातात.

आणि ग्राहकाने पुढे ड्रिलिंग मागितलंच तर

तेव्हा हे विचारा. भोकाची जागा किती सहनशीलतेत हवी आणि भोक पृष्ठभागाला काटकोनात किती अंशांत हवं? मोठ्या कारखान्यांत रोबोट ड्रिल करतो तेव्हा टूलच्या तोंडाशी दाबून धरणारा पाय असतो, पृष्ठभागाचा कोन मोजणारे सेन्सर असतात, आधीची भोकं बघून जागा दुरुस्त करणारा कॅमेरा असतो, आणि अनेकदा अक्षांवर जास्तीचे एन्कोडर (अक्ष किती फिरला ते मोजणारे सेन्सर) किंवा बाहेरून लेझर ट्रॅकर असतो. म्हणजे रोबोटची ती अर्ध्या-एक मिलिमीटरची चूक कमी करायला चार वेगळ्या व्यवस्था लागतात. काम कार्बन फायबर आणि टायटॅनियमच्या थप्पीतलं असेल तर प्रत्येक थराला वेगळा वेग आणि वेगळं फीड. एवढी तयारी नसेल तर सपाट भागांची भोकं सीएनसीवरच पाडा.

वडोदऱ्याला टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आहे आणि ५६ पैकी ४० विमानं तिथे बनायची आहेत. त्यांना लागणारे छोटे भाग बनवणारे कारखाने आपल्या पट्ट्यातून उभे राहावेत असं मला मनापासून वाटतं. बर काढायचा सेल सहा महिने नीट चालला, टूल बदलायचा हिशोब बसला आणि रिजेक्शनची वही दाखवण्यासारखी झाली, की ती वही घेऊन ग्राहकाकडे जा आणि ड्रिलिंगचं बोलणं तिथून सुरू करा.